ग्राफिक्स कार्डाची जोडणी आणि कसोटी

सत्र परीक्षा संपली त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत जुनी उपकरणे मोजून ठेवण्याचे काम चालले होते. इतक्यात तृतीय वर्षाचा एक विद्यार्थी संगणकाचे कॅबिनेट दोन्ही हातांत धरून दारात उभा राहिला. त्याच्यामागे त्याचा खोलीतील सोबती होता. हा आपल्या अंकाच्या कन्नड विभागात लिहितो. त्याच्याही हातात कॅबिनेटच होते.

"सर, दुकानदारानं मला फसवलं," पहिला म्हणाला. "दोघांचं कार्ड एकच. याच्याकडं खेळ सुरळीत चालतो, माझ्याकडं अडखळतो. परत करायची मुदत उद्या संपते. तुम्ही एकदा बघून सांगा, म्हणजे त्याच्या तोंडावर बोलता येईल."

कार्ड जुने, एकदा वापरलेले होते. दोन उन्हाळी सुट्ट्या चुलत्यांच्या छापखान्यात काम करून साठविलेल्या पैशातून ते घेतलेले. घरी अजून सांगितलेले नव्हते. वसतिगृहात मात्र 'त्या दुकानात कुणी जाऊ नका' असे सर्वांना सांगून झाले होते.

मी त्याला एवढेच विचारले, "फसवलं हे तुला कशावरून कळलं?"

"दिसतंय की, सर."

दिसणे आणि मोजणे यांत अंतर आहे. ते अंतर कसे कापावयाचे, हे त्या दुपारी आम्ही तिघांनी मिळून पाहिले. ग्राफिक्स कार्ड घेणाऱ्या आणि घेऊन पस्तावणाऱ्या विद्यार्थ्यांना ते उपयोगी पडेल, म्हणून येथे क्रमाने मांडतो.

१. कार्डावरील आकडे काय सांगतात?

पडद्यावरील चित्र १९२० गुणिले १०८० बिंदूंचे धरले, तर एका चित्रात २०,७३,६०० बिंदू होतात. अशी चित्रे, म्हणजेच फ्रेम, सेकंदाला ६० काढावयाची म्हटल्यास सेकंदास सुमारे १२ कोटी ४४ लक्ष बिंदूंचा रंग ठरवावा लागतो. आणि एका बिंदूसाठी गणिते अनेक. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हुशार असला तरी त्याचे हात थोडे. ग्राफिक्स कार्डात याउलट साधे काम करणारे हात हजारोंनी असतात. भाताची लावणी एका कुशल माणसाने करावी की शंभर जणांनी ओळीने उभे राहून करावी, तसाच हा प्रश्न आहे.

आमच्यासमोरील दोन्ही कार्डे एनव्हिडिया कंपनीची जीफोर्स आरटीएक्स ३०६०, १२ जीबी स्मृतीची होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये हे कार्ड बाजारात आले, तेव्हा अमेरिकेत त्याची जाहीर किंमत ३२९ डॉलर होती. अगदी स्वस्त नव्हे आणि फार महागही नव्हे, असे हे मधल्या दर्जाचे कार्ड. त्यात गणिते करणारी ३,५८४ एकके आहेत. प्रत्येक एकक एका ठोक्याला दोन क्रिया करते आणि कार्डाचा वेग १.७७७ गिगाहर्ट्झपर्यंत चढतो. तिन्हींचा गुणाकार केला की सेकंदाला सुमारे १२.७ लक्ष कोटी क्रिया होतात.

पण हात असून भागत नाही. हातांना माल पुरवावा लागतो. या कार्डाच्या स्मृतीची वाट १९२ बिटांची असून प्रत्येक बिटाच्या वाटेने सेकंदाला १५ गिगाबिट जातात. १९२ ला १५ ने गुणून ८ ने भागले की सेकंदाला ३६० गिगाबाइट हे उत्तर येते. याच नावाचे ८ जीबीचे कार्ड २०२२ मध्ये निघाले. त्याची वाट १२८ बिटांची, म्हणून उत्तर २४० गिगाबाइट. खोक्यावर '३०६०' हे आकडे तेच, माल मात्र दोन तृतीयांश! यास्तव कार्ड घेताना नुसते नाव वाचू नये. स्मृती किती आणि तिची वाट किती बिटांची, हे दोन प्रश्न दुकानात अवश्य विचारावेत.

आमच्या विद्यार्थ्याच्या मनात आणखी एक संशय होता. काही वर्षांपूर्वी अशी कार्डे आभासी चलनाच्या 'खाणकामात' अहोरात्र जुंपली जात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या चलनाने आपली पद्धत बदलल्यावर तेथील काम संपले आणि पुष्कळ जुनी कार्डे विक्रीस आली. आपले कार्ड त्यांपैकीच झिजलेले असावे, असा त्याचा तर्क. तर्क अशक्य कोटीतला नव्हता. परंतु अशक्य नसणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे.

२. जोडणी

प्रथम विजेचा हिशेब करावा. या कार्डाची गरज १७० वॅटची. मदरबोर्डवरील स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. उरलेल्या ९५ वॅटसाठी पॉवर सप्लायकडून वेगळी तार आणावी लागते. आठ पिनांची एक तार १५० वॅट देते, म्हणून एक तार पुरते. कंपनीने एकंदर ५५० वॅटचा पॉवर सप्लाय सुचविलेला आहे. आपल्याकडे वीज जाते म्हणून घरोघरी यूपीएस असतो, त्याचाही विचार करावा. ६०० व्हीए लिहिलेला यूपीएस ६०० वॅटचा नसतो. अशा पुष्कळ यंत्रांवर बारीक अक्षरात ३६० वॅट लिहिलेले आढळेल. खेळ भरात असताना वीज गेली आणि यूपीएसही बसला, तर दोष कार्डाचा मानू नये.

दुसरा हिशेब जागेचा. कार्डाची लांबी आणि जाडी कॅबिनेटमध्ये मावते की नाही, हे पट्टीने मोजून पाहावे. पुढे तारा वळायला बोटभर जागा लागते, तीही धरावी.

आता कृती. जुन्या कार्डाचा ड्रायव्हर काढून टाकावा. जुने कार्ड दुसऱ्या कंपनीचे असल्यास 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' या मोफत साधनाने तो समूळ काढणे बरे. संगणक बंद करून तार भिंतीपासून अलग करावी आणि चालू करण्याचे बटण एकदा दाबून आतील उरलेली वीज जाऊ द्यावी. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरील स्थिर विद्युत उतरवावी. पावसाळ्यात दमट हवेमुळे ही भीती कमी असते. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत, विशेषतः लोकरीचा स्वेटर घातला असेल तर, हे विसरू नये. मागील बाजूच्या पत्र्याच्या पट्ट्या काढून कार्ड दोन्ही कडांना धरावे आणि स्लॉटमध्ये सरळ दाबावे. कडी 'टक्' असा आवाज करून बसली पाहिजे. मग स्क्रू आवळावा, विजेची तार जोडावी.

मॉनिटरची तार कार्डालाच लावावी. ती सवयीने मदरबोर्डला लावून, नवे कार्ड चालतच नाही म्हणून हळहळणारे मी पाहिले आहेत. एकदा मीच तसा हळहळलो आहे.

एक गोष्ट मुद्दाम शेवटी सांगतो. बऱ्याच मदरबोर्डांवर लांब स्लॉट दोन असतात. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. वरचा, प्रोसेसरच्या जवळचा, सोळा लेनचा असतो. खालच्यात पुष्कळदा चारच लेन जोडलेल्या असतात. रस्ता सोळा पदरी दिसतो खरा, पण त्यावर गाड्या चार पदरांतूनच जातात. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

३. मापनाची शिस्त

मापनासाठी साधने पुष्कळ व बहुतेक मोफत आहेत. युनिजिन कंपनीची हेवन (२००९) आणि सुपरपोझिशन (२०१७) ही ठरावीक दृश्ये दाखवून गुण देतात; थ्रीडीमार्क हे तर १९९८ पासून चालत आलेले आहे. प्रत्यक्ष खेळ चालू असताना प्रत्येक फ्रेमचा काळ टिपून घ्यावयाचा असेल, तर प्रेझेंटमॉन किंवा कॅपफ्रेमएक्स वापरावे.

केवळ ठरावीक चाचणीच्या गुणांवर विसंबू नये, यास एक जुनी घटना साक्ष आहे. २००१ साली एटीआय कंपनीच्या रेडिऑन ८५०० या कार्डाची परीक्षा चालली असता काही परीक्षकांनी 'क्वेक थ्री' या खेळाच्या फाइलचे नाव बदलून 'क्वॅक' केले. खेळ तोच, कार्ड तेच. केवळ नाव बदलताच वेग खाली आला. कारण ड्रायव्हर त्या खेळाला नावाने ओळखत होता आणि वेगासाठी चित्राच्या बारकाव्यात काटछाट करीत होता. परीक्षेचा पेपर आधी ठाऊक असलेल्या विद्यार्थ्याचे गुण जसे, तसे ते गुण! म्हणून आपण जो खेळ किंवा जे काम रोज करतो, त्यावरच कसोटी घ्यावी.

प्रयोगवहीत जे नियम आपण पाळतो, तेच येथेही पाळावयाचे:

पहिला नियम : एका वेळी एकच गोष्ट बदलावी. ड्रायव्हर, खेळाची प्रत, चित्राचा दर्जा, पडद्याचे बिंदू हे सर्व लिहून ठेवावे.

दुसरा : पडद्याच्या ठोक्याशी फ्रेम जुळविणारी व्ही-सिंक ही सोय मापनापुरती बंद ठेवावी. नाहीतर ६० हर्ट्झच्या पडद्यावर चांगले कार्ड आणि अतिउत्तम कार्ड दोन्ही ६० हाच आकडा दाखवतील.

तिसरा : खेळातील एकच वाट, एकाच दिशेने, एका मिनिटात चालावी. पहिली फेरी सोडून द्यावी. थंड कार्ड जरा जास्त धावते. पुढील तीन ते पाच फेऱ्यांचा मध्यक घ्यावा.

चौथा : खोलीचे तापमान वहीत लिहावे. एप्रिलमधील दुपार आणि जुलैतील पावसाची रात्र यांचे आकडे शेजारी मांडून त्यावरून कार्डाला बोल लावणे न्यायाचे नाही.

४. सरासरी कोठे फसवते

आम्ही दोन्ही संगणकांवर एकाच खेळातील तीच एक वाट चालून पाहिली. सेकंदाला सरासरी किती फ्रेम, हा आकडा दोघांचा फारसा दूर नव्हता. तेव्हा तक्रार करणारा स्वतःच गोंधळला. "आकडा जवळजवळ सारखा, मग डोळ्यांना खुपतं ते काय?"

याचे उत्तर सरासरीच्या स्वभावात आहे. एक उदाहरण घेऊ. समजा, एका सेकंदात ६० फ्रेम निघाल्या. प्रत्येकीस सारखा वेळ लागला असेल, तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद पडले. डोळ्यांना सर्व सुरळीत दिसेल. आता समजा, ५९ फ्रेमना प्रत्येकी १० मिलिसेकंद लागले, म्हणजे ५९०. आणि साठाव्या एकाच फ्रेमला ४१० मिलिसेकंद लागले. बेरीज तीच १,०००, सरासरीही तीच ६०. पण येथे खेळ जवळजवळ अर्धा सेकंद दगडासारखा थांबला! सरासरीला तो दगड दिसत नाही. खेळणाऱ्याला तेवढाच दिसतो.

ही गोष्ट २०११ मध्ये द टेक रिपोर्ट या नियतकालिकात स्कॉट वॉसन यांनी ठासून मांडली. सेकंद हे माप फार मोठे आहे, सेकंदाच्या आत पाहा, असे त्यांचे म्हणणे. तेव्हापासून जाणते परीक्षक सरासरीबरोबर प्रत्येक फ्रेमचा काळही देऊ लागले. रीत सोपी आहे. एका मिनिटातील समजा ३,६०० फ्रेम काळाच्या चढत्या क्रमाने लावाव्या. शेवटच्या ३६, म्हणजे एक टक्का, सर्वांत मंद. त्यांच्या उंबरठ्यावरचा जो काळ, तो नव्व्याण्णवावा शततमक. संख्याशास्त्राच्या तासाला शततमक 'कशाला शिकायचे' असे विचारणाऱ्यांना हे एक उत्तर.

सरासरी काढतानाही एक खड्डा आहे. बेळगावहून खानापूरला ताशी ६० ने गेलो आणि ताशी ४० ने परतलो, तर सरासरी वेग ५० नव्हे, ४८ येतो. कारण मंद प्रवासात वेळ अधिक जातो. तसेच ३०० फ्रेम सेकंदाला १०० या वेगाने (३ सेकंद) आणि ३०० फ्रेम ५० या वेगाने (६ सेकंद) निघाल्या, तर सरासरी ७५ नव्हे. ६०० भागिले ९, म्हणजे ६६.७. यास्तव फ्रेमची एकूण संख्या आणि एकूण वेळ यांचाच भागाकार करावा.

दोन्ही यंत्रांच्या फ्रेम-काळाचे आलेख काढल्यावर कोडे उलगडू लागले. सोबत्याचा आलेख आडव्या रेघेसारखा होता. तक्रारदाराच्या आलेखात मधूनमधून सुळके उठले होते, आणि ते विशेषतः खेळातील एका भागातून दुसऱ्या भागात शिरताना. त्याच्या डोळ्यांनी सांगितले ते खरेच होते. पण दोष कोणाचा, हे डोळे सांगू शकत नव्हते.

५. अदलाबदल

येथे मी दोघांना कार्डांची अदलाबदल करण्यास सांगितले. संशयित कार्ड सोबत्याच्या यंत्रात, सोबत्याचे कार्ड संशयिताच्या यंत्रात. दोष कार्डात असेल तर तो कार्डाबरोबर जाईल. यंत्रात असेल तर जागेवरच राहील. याहून साधा आणि याहून निर्णायक प्रयोग मला ठाऊक नाही.

दोष जागेवरच राहिला. 'झिजलेले' कार्ड सोबत्याच्या यंत्रात निमूटपणे चालले. सोबत्याचे चांगले कार्ड तक्रारदाराच्या यंत्रात अडखळू लागले. खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही.

मग कार्डे आपापल्या जागी गेली आणि शोध यंत्राकडे वळला. जीपीयू-झेड नावाचे लहानसे साधन कार्ड कोणत्या वाटेने जोडले आहे ते दाखवते. विसाव्याच्या वेळी कार्ड वाटेचा वेग उतरवते, म्हणून त्या ओळीशेजारील प्रश्नचिन्ह दाबून कार्डाला काम द्यावे आणि मग वाचावे. तेथे लेनच्या जागी चार हा आकडा होता. कॅबिनेट उघडले. कार्ड खालच्या स्लॉटमध्ये!

"वर पंख्याची आणि वायरींची गर्दी होती, सर. खाली मोकळं होतं म्हणून..." त्याने वाक्य पुरे केले नाही.

त्याच्या मदरबोर्डवरील पीसीआय एक्स्प्रेस तिसऱ्या पिढीचे होते. त्यात एका लेनमधून सेकंदाला सुमारे १ गिगाबाइट जाते. सोळा लेनमधून १५.७५, चारांतून ३.९४. एकदा माल कार्डाच्या स्वतःच्या स्मृतीत पोचला की तेथे ३६० गिगाबाइटची वाट मोकळी असते, म्हणून सरासरी फारशी पडत नव्हती. पण नवा भाग आला की माल बाहेरून आणावा लागे आणि तेथे चार पदरी रस्त्यावर खोळंबा होई. सुळके त्याचेच.

कार्ड वर बसविले, पुन्हा तीच वाट चाललो. सुळके बरेच कमी झाले. सर्व गेले नाहीत. आता दुसरी गोष्ट. त्याच्या रॅमच्या दोन पट्ट्या शेजारीशेजारी होत्या. मागे धूळ झाडताना त्यानेच त्या तशा लावलेल्या. चार जागांच्या बहुतेक मदरबोर्डांवर शेजारच्या दोन जागा एकाच चॅनेलच्या असतात. २६६६ च्या रॅमला एका चॅनेलमधून सेकंदाला २१.३ गिगाबाइट मिळतात. दोन चॅनेल चालू झाले की ४२.७. पट्ट्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या व चौथ्या जागी नेल्या. पुन्हा मापन. सरासरीत पडलेला फरक बेताचाच होता, पण आलेख सोबत्याच्या आलेखाजवळ येऊन बसला. खर्च शून्य. आमच्या वहीतील नेमके आकडे येथे देत नाही. ते त्या दोन यंत्रांपुरते खरे आहेत. रीत मात्र सर्व यंत्रांस लागू पडते.

शेवटी एक प्रयोग उरला होता. पडद्याचे बिंदू १९२० गुणिले १०८० वरून १२८० गुणिले ७२० केले. बिंदू ९,२१,६०० झाले, म्हणजे कार्डाचे बिंदूंचे काम सव्वादोन पटींनी घटले. फ्रेम वाढतील अशी दोघांची अपेक्षा. एका खेळात वाढल्या. दुसऱ्यात जवळजवळ तेवढ्याच राहिल्या. त्या दुसऱ्या खेळात मर्यादा प्रोसेसरची होती. तेथे याहून दुप्पट किमतीचे कार्ड आणले असते तरी हाती काही लागले नसते. हा प्रयोग जुन्या कार्डावरच, खरेदीपूर्वी करता येतो. पाच मिनिटे लागतात, आणि सुट्टीतली कमाई कोठे घालावी व कोठे घालू नये हे कळते.

६. निष्कर्ष

विद्यार्थ्याने कार्ड परत केले नाही. दुसऱ्या दिवशी तो दुकानात गेला तो कार्ड ठीक असल्याचे सांगावयास. हे तसे सोपे होते. वसतिगृहातील खोल्याखोल्यांतून आपलेच बोलणे मागे घेणे अधिक अवघड होते. तेही त्याने केले, असे त्याच्या सोबत्याने मला नंतर सांगितले.

दुकानदार कधीच फसवीत नाहीत, असा याचा अर्थ नव्हे. अदलाबदलीत दोष कार्डाबरोबर गेला असता, तर त्याच विद्यार्थ्याच्या हाती तोंडावर ठेवण्याजोगा पुरावा आला असता, आणि मी स्वतः त्याच्याबरोबर दुकानात गेलो असतो. मापन कोणाची बाजू घेत नाही. त्यामुळेच ते दोघांच्याही कामाचे आहे: ज्याचे पैसे गेले त्याच्या, आणि ज्याच्यावर आळ आला त्याच्याही.

सरावासाठी

(१) जीफोर्स आरटीएक्स ४०६० (२०२३) या कार्डाच्या स्मृतीची वाट १२८ बिटांची असून प्रत्येक बिटाच्या वाटेने सेकंदाला १७ गिगाबिट जातात. सेकंदाला एकूण किती गिगाबाइट? ३०६० च्या १२ जीबी कार्डापेक्षा हा आकडा लहान असूनही हे नवे कार्ड मागे का पडत नाही, याचा विचार करताना त्याची आतील कॅशे स्मृती लक्षात घ्या.

(२) ९९ फ्रेमना प्रत्येकी ८ मिलिसेकंद आणि एका फ्रेमला २०८ मिलिसेकंद लागले. सरासरी किती? हा खेळ तुम्हांस आवडेल काय?

(३) तुमच्या जवळच्या संगणकात रॅमच्या पट्ट्या कोणत्या जागी आहेत? कॅबिनेट उघडण्यापूर्वी तार भिंतीपासून काढा.

उत्तरे : (१) २७२ गिगाबाइट. (२) सेकंदाला १०० फ्रेम. आवडण्याचे ज्याने त्याने ठरवावे.